तळ्यात राहिलेलं जाळं

“जाळं पाण्यात ठेवून घर सोडायचं नाही, दोम्ना. आधी जाळं, मग चूल.”

रोज सकाळी संताच्या तसबिरीपुढे दिवा लावताना आईचा हा आवाज मला ऐकू येतो. त्या दिवशीही आला. तेल घालून मागे वळले, तर येफिमदादा बूट न काढताच दारात उभा.

“शेजारची ईरिन्या म्हणत होती, तू बसमध्ये नाव घातलंस.”

“घातलं.”

“सरहद्दीपलीकडे जायला?”

“आपल्या तळ्यावर जायला, दादा.”

“आपल्या!” तो बुटांसकट आत येऊन बाकावर बसला. “आपल्या तळ्यावर जायला परवाना, त्यावर शिक्के, वर सोबत बंदूकवाला शिपाई. कैद्याला भेटायला जातात तसं. मला नाही भेटायचं माझ्या तळ्याला असं.”

मी त्याच्यापुढे माशाचं सार ठेवलं. त्यानं वाटीत डोकावून पाहिलं.

“दूध नाही घातलंस?”

“संत पेत्रचा उपास आहे. मासा चालतो, दूध नाही.”

“तो तर मागच्याच आठवड्यात सुटला! ईरिन्यानं मला लोणी लावून भाकरी दिली.”

“ईरिन्याचा सुटला. आईचा अजून आहे.”

आई जन्मली तेव्हा आमच्या गावावर झारचं राज्य होतं. तिचं लग्न होईपर्यंत फिनलंडचं आलं, आणि त्यामागोमाग चर्चचं पंचांगही बदललं. सगळे सण तेरा दिवस अलीकडे सरकले. आई कुणाशी भांडली नाही. ती उपास नव्या पंचांगानं धरायची आणि जुन्यानं सोडायची. मीही तसंच करते. उपास लांबतो, पण कुणाचाच मोडत नाही.

“राज्यं बदलली की लोकांचे झेंडे बदलतात,” दादा सार भुरकत म्हणाला. “आपल्या घरात नुसते उपास वाढले.”

मला हसू आलं. तोही हसला. तेवढ्यात मी विचारून घेतलं, “दादा, जाळं कुठं टाकलं होतं?”

त्याचं हसू गेलं.

गाव तिसऱ्या राज्याकडे, मॉस्कोकडे, गेलं त्या शरद ऋतूतली ती गोष्ट. वडील लढाईवरून परत आले नव्हते. आई आणि दादा पहाटे जाळं टाकून आले, आणि चूल पेटते न पेटते तोच लष्कराचा ट्रक दारात आला. सरहद्द सरकणार, निघा. आई तळ्याकडे धावली. एका शिपायानं तिचा दंड धरला. “मावशी, होडीत नाही, गाडीत बसायचंय.” चांगला होता बिचारा, त्यानंच मला उचलून वर ठेवलं. मी सात वर्षांची होते.

आमच्याकडे घर सोडताना जाळं पाण्यात ठेवत नाहीत. त्यात अडकलेला मासा कुणाच्याच पोटात जात नाही, उगाच मरतो. इकडे फिनलंडात नव्या वस्तीत आल्यावर आई दर मोठ्या उपासाला पाद्रीबाबांजवळ हे पाप कबूल करायची. तेही दर वर्षी क्षमा करायचे. घरी येऊन ती म्हणायची, “बाबांनी माफ केलं गं. तळ्यानं कुठं केलं?”

शेवटच्या आजारात तिनं माझा हात धरला. “जाळं काढ.” मी हो म्हटलं. तेव्हा सरहद्द बंद होती. आता मॉस्कोचंही राज्य बदललं होतं आणि एक बस जाणार होती. पण त्या पहाटे वल्ही दादाच्या हातात होती. जागा त्यालाच ठाऊक.

“कुजून गेलं असेल ते केव्हाच,” तो म्हणाला.

“दगड असतील.”

जाळं बुडायला लागणारे दगड आई बर्च झाडाच्या सालीत गुंडाळून बारीक मुळ्यांनी शिवायची.

“दगड आणायला रशियात चाललीस? इथं काय दगड कमी आहेत?”

“आईनं शिवलेले नाहीत.”

त्यानं चमचा खाली ठेवला. वाटीत अर्धं सार तसंच होतं. तो निघून गेला.

बसच्या दिवसापर्यंत तो फिरकला नाही. निघायच्या सकाळी मी दिवा लावला, शाल घेतली. दारात दादा उभा होता. हातात रेनडियरच्या शिंगाचा आकडा, नुकताच तासलेला, आणि त्याला तळ्याच्या तळाशी पोचेल इतका लांब दोर.

“खाडीच्या तोंडाशी दोन खडक आहेत,” माझ्याकडे न बघता तो म्हणाला. “त्यांच्या मधून वल्हव, बेटाकडे तोंड करून. डावा खडक बेटाचं टोक झाकेल. झाकलं की थांब. तिथं.”

“होडी कोण देईल मला?”

“त्या सोबतच्या बंदूकवाल्या शिपायाकडे माग. सांग, आमचं जाळं राहिलंय.”

“दादा, तू पण चल ना.”

“दिवा कोण बघणार मग?”

वडील गेल्यापासून दादानं चर्चची पायरी चढलेली नाही. मी तेलाची बाटली त्याच्यापुढे धरली.

“तेल किती घालायचं ते बोल.”

“वात बुडेल इतकंच. आणि फुंकर मारू नकोस.”

“एवढं कळतं मला, म्हातारे. जा, बस चुकेल.”

मी आकडा आईच्या शालीत गुंडाळला आणि पायऱ्या उतरले. मागे दादा उंबऱ्यावर बसून बूट काढत होता. मी बसच्या वाटेला लागले.