लाल टोक

"लाल टोक डावीकडे. कायम डावीकडे. आणि टेकवलीस की हात काढून घे. हाताच्या उबेनंसुद्धा पट्टी वाकते."

अप्पांचे हे शब्द कानात घेऊनच तिनं कप्पीचा दोर सैल सोडला. लांबलचक ओतीव लोखंडी पट्टी दुरुस्तीला आलेल्या लेथ यंत्राच्या बेडवर, त्याच्या लोखंडी पाटावर, अलगद टेकली, आणि मग तिच्या लक्षात आलं, लाल टोक उजवीकडे आलंय. दोर कालच बदलला होता. नव्या दोराचा पीळ सुटताना पट्टी अधांतरी अर्धं वळण घेऊन गेली होती, आणि तिची नजर नेमकी खाली बेडवर होती.

खांदा ठणकत होता. पुन्हा उचलायचं जिवावर आलं. बेड तर सकाळीच पुरा झाला होता, ही आपली शेवटची खातरजमा. असू दे आजच्या दिवस, असं म्हणत तिनं पट्टी दोन बोटं पुढे-मागे सरकवली आणि वर घेतली.

पट्टीच्या पोटाला निळा रंग लावायचा, ती बेडवर टेकवायची, आणि बेडवर जिथे निळा ठिपका उमटेल तिथला उंचवटा स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा पट्टी, पुन्हा खरवड. झिजलेला बेड असा केसाकेसानं सरळ होत जातो. या बेडला तेवीस दिवस लागले होते. सकाळी त्यावर वाळत घातलेल्या राळ्याच्या दाण्यांसारखे एकसारखे ठिपके उमटले होते.

आता डावीकडे मधोमध एकच गडद डाग होता. उजवीकडचा निम्मा बेड कोरडा ठणठणीत.

तिनं बेड पुसला. पट्टी फिरवली, लाल टोक डावीकडे. हात काढून घेतले, उबेला जायला वेळ दिला. ठिपके राळ्यासारखे. पुसलं, उलटी टेकवली. डाग, आणि कोरडा बेड.

पट्टी सरळ असती, तर कशीही टेकवली तरी ठिपके तेच यायला हवे होते. बेड जागचा हलला नव्हता. राहिली पट्टी.

ती स्टुलावर बसली. घरातलं शेवटचं माप ही पट्टी. सगळं हिच्यावर तपासायचं. हिला कशावर तपासायचं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. नाही, एकानं विचारलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी दादानं केलेला एक बेड परत आला होता. एरवीची गिऱ्हाइकं ढोबळ कामाची, केसभर फरक त्यांना कळायचासुद्धा नाही. हे गिऱ्हाईक मापाचं पक्कं निघालं. दादा त्यांच्यादेखत म्हणाला, "अप्पा, पट्टीत खोट आहे. उलटी टेकवून बघू या." अप्पा पट्टीवर आडवा हात धरून उभे राहिले. "हात वाकडा असला की पट्टी वाकडी दिसते," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "तू रोज बघतेस. तूच सांग, चुकलं कुणाचं?"

"दादाचं," ती म्हणाली होती. न बघता, न थांबता.

दादानं दुसऱ्याच दिवशी घर सोडलं. जाताना फाटकाशी थांबला. पहाटे उठून, चहाच्या घोटाआधी पट्टी पुसायचा तिचा नेम होता, म्हणून तो तिला नेमाबाई म्हणायचा.

"नेमाबाई, कधीतरी उलटी टेकवून बघ. आणि बघितलीस तर मला येऊन सांग. हाही एक नेम समज. देतेस वचन?"

"दिलं, जा बाबा एकदाचा."

तिनं आजवर कुठलाच नेम मोडला नव्हता. हाही मोडला नव्हता. उलटी टेकवलीच नाही, मग सांगायला जाणार काय?

आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. अप्पांच्या डोळ्यांत आता उजेडापुरती नजर उरली होती, पण कान शाबूत होते.

"पट्टी चारदा उचललीस."

"हो."

"सकाळीच झाला होता ना बेड?"

ती दारात जाऊन उभी राहिली. "अप्पा, पट्टी उलटी टेकली."

खाटेवरचा हात चादरीची घडी चाचपत राहिला.

"माझ्या हातून पडली होती," ते म्हणाले. "तू शाळेत होतीस. दुसरी कुठून आणणार होतो? एका बाजूनं धरली की काम निघायचं. निघालंच ना?"

"आणि दादा?"

"मोठा हुशार पडला तो! गिऱ्हाइकासमोर बोलायची गरज होती? पट्टी गेली असती तर दुकान गेलं असतं. तो काय, कुठंही हातावर पोट भरेल असा होता."

"गोदामाच्या फाटकावर बसतो तो. गाड्या आल्या की दांडा उचलतो. स्क्रेपरला पुन्हा हात लावला नाही त्यानं."

"मी हाकललं नाही त्याला." अप्पांचा आवाज मऊ झाला, अगदी समजुतीचा. "मी फक्त विचारलं होतं. त्याचं चुकलं, हे तू सांगितलंस."



ती दुकानात परतली. बेडवरच्या निळाईवर तिनं एक लांब कागद दाबून ठसा घेतला. मग पट्टी फिरवून दुसरा. दोन्ही कागदांच्या कोपऱ्यात लाल टोक कुठे होतं ते लिहिलं, घड्या घालून पिशवीत ठेवले. गिऱ्हाइकासाठी फळ्यावर खडूनं लिहिलं: बेड तयार नाही. हात धुवायला नळाशी गेली आणि तशीच मागे फिरली.

"कुठे निघालीस?" आतून आवाज आला. "लाल टोक डावीकडे करून ठेव आधी."

तिनं दार ओढून घेतलं.

बस जवळजवळ रिकामी होती. गोदामाचं फाटक डाव्या अंगाला लागतं, म्हणून एकोणीस वर्षं ती उजवीकडेच बसत आली होती. निळे हात पिशवीवर ठेवून ती डावीकडच्या खिडकीशी बसली.