नकाशावरची भरलेली बाव

मी बाव बोलतेय. पुस्तकात मला विहीर म्हणतात, पण आमच्या कातळवाडीत मी बावच. आणि आधीच सांगते, माझा स्वभाव काही गोड नाही. दर उन्हाळ्यात जिचा घसा कोरडा पडतो, तिने गोड बोलायचं तरी कुठून?

पूर्णगडाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वर मोठा सडा आहे, नुसता कातळ. त्याच्या एका कडेला आमची वाडी. मला खणलं ते माझ्या शेजारच्या घरातल्या मैनेच्या सासऱ्याने आणि वाडीतल्या माणसांनी मिळून. जांभा फोडताना त्यांच्या हातांची सालटी निघाली. पाणी लागलं तेव्हा मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मीही मनातून फुगले. पण जांभा म्हणजे चाळण हो! पावसात मी काठोकाठ भरते आणि दसरा गेला की भेगाभेगांतून गळायला लागते. शिमग्याला माझा तळ दिसतो. मग बायका आत उतरून करवंटीने पाणी हंड्यात भरतात.

मुंबईचे चाकरमानी येतात ते गणपतीत. तेव्हा मी तुडुंब. वाकून माझे फोटो काढतात आणि म्हणतात, आपल्या वाडीला पाण्याची काही ददात नाही. डोंबल! वैशाखात त्यातला एक फिरकत नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक माझ्या जिवावर म्हणतात. आमच्या वाडीने ती म्हणसुद्धा खोटी पाडली. वाडीत टाकी नाही, म्हणून उन्हाळ्यात टँकर यायचा तो सगळं पाणी माझ्यातच ओतून जायचा. बायका कळश्या घेऊन धावायच्या, कारण संध्याकाळपर्यंत निम्मंअधिक पाणी भेगांतून पसार व्हायचं. अरे, टाकी बांधा, असं मी किती वेळा म्हटलं असेल. देवाने तोंड एवढं मोठं दिलं आणि आवाज द्यायचा विसरला.

आता वाडीची खोड सांगते. कोरड्या वाडीत मुलगी कोण देणार? सोयरीक ठरवण्याआधी मुलीकडचं कोणीतरी गुपचूप येऊन पाणी बघून जातं. म्हणून इथे सगळ्यांचं ठरलेलं आहे. अनोळखी माणसाने पाण्याचं विचारलं की सांगायचं, बारमाही आहे. शाळेत न जाणारी पोरंसुद्धा हे सांगतात.

मैनेच्या थोरल्या मुलाचं, स्वरूपचं, मांडवीच्या दर्शनाशी बोलणं चाललं होतं, आणि त्याच वैशाखात समीक्षा आली. रत्नागिरीची शिकलेली मुलगी. कुठल्या वाडीच्या पोटात किती पाणी आहे ते मोजायचं आणि नकाशावर रंगवायचं, हे तिचं काम. त्या रंगावरून टँकर कुणाला आणि योजना कुणाला, ते ठरणार होतं. काम चांगलंच होतं. पण बाई आली कधी, तर टँकर ओतून गेल्यावर तासाभराने!

तिने टेप सोडली, टेप भिजली. पोरगी हुशार, तिला शंका आली. मैना शेजारीच होती. "काकी, वैशाखात एवढं पाणी राहतं?" तिने विचारलं.

मैनेला वाटलं, ही दर्शनाची मैत्रीणच असणार. पदर सावरून ती म्हणाली, "बारा महिने. आमची बाव कधी आटली नाय."

वर तिला कोकम सरबतही पाजलं. मी आत नुसती चडफडत राहिले.

नकाशा तयार झाला आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. बायका सांगतात, सगळा सडा फिका पिवळा आणि आमच्या वाडीवर तेवढा गडद निळा ठिपका. निळा म्हणजे पाणीच पाणी. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

पुढच्या उन्हाळ्यात टँकर आलाच नाही. तुमच्याकडे पाणी आहे, नकाशात दिसतंय, असं उत्तर मिळालं. पुरुष जाऊन भांडून आले. मला वाटतं, सरबत पाजलं ती पोरगी कोण होती, हे मैनेला तेव्हा कळलं.

तोवर दर्शना सून होऊन आली होती. घरात नळ बघून वाढलेली पोर. ती खाली वहाळापर्यंत, म्हणजे पार ओढ्यापर्यंत, उतरायची आणि डोक्यावर हंडे घेऊन कातळ चढायची. एकदा वाटेत पडली, सगळं पाणी सांडलं. रिकामा हंडा घेऊन माझ्या काठावर बसली आणि रडली. त्या दिवशी त्या निळ्या ठिपक्याचा मला असा संताप आला की सांगता सोय नाही.

शेवटी तीच रत्नागिरीला गेली आणि समीक्षाला शोधून काढलं. मी स्वतः येऊन परत मोजते, असं समीक्षा म्हणाली. गेल्या वैशाखातला एक दिवस ठरला.

आणि आमचं नशीब बघा. त्याच दिवशी मैनेच्या धाकट्यासाठी, शिवासाठी, लांज्याची माणसं घर बघायला यायची होती. मैनेने काय करावं? पाहुणे यायच्या आत छोटासा खासगी टँकर मागवला आणि माझ्यात ओतून घेतला! मी कपाळावर हात मारला असता, पण मला हातही नाहीत.

माझ्या काठावर एकीकडे समीक्षा टेप घेऊन उभी, दुसरीकडे मुलीची आई, आणि आत उसनं पाणी चमकतंय. टेप पुन्हा भिजली. समीक्षाने मैनेला पुन्हा तोच प्रश्न विचारला. मैनेचं सगळं लक्ष पाहुण्यांकडे. "बारमाही हाय," ती हळूच म्हणाली.

दर्शना मुलीच्या आईकडे वळली. आवाज चढवला नाही की काही नाही. "काकी, मलापण हेच सांगितलं होतं."

पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला आणि ते निघून गेले. समीक्षा मात्र हलली नाही. छत्री उघडून काठावर बसली आणि थोड्या थोड्या वेळाने टेप सोडत राहिली. जन्मभर मला माझ्या गळतीची लाज वाटली. त्या दिवशी म्हटलं, गळ बाये, मनसोक्त गळ. दिवस मावळायच्या आत तळाचा दगड उघडा पडला आणि टेप कोरडी वर आली.

मला वाटलं, सुटले. कसलं काय! आता वरून मंजुरी यायची आहे, मग नवा नकाशा निघायचा आहे. समीक्षा बिचारी फोन उचलते, पण सगळं तिच्या हातात नाही. पुन्हा शिमगा झाला. तळ दिसतोय आणि टँकर नाही.

मैना कित्येक दिवस सुनेशी बोलत नव्हती. माझ्यावरही राग, कळशी मुद्दाम आदळायची. मग एका सकाळी दर्शनाच्या आधी हंडा उचलून तीच वहाळावर गेली. गुडघे धरत धरत वर आली आणि हंडा दर्शनासमोर ठेवला. तेव्हापासून एक खेप तिची असते.

परवा पावसकडचे एक गृहस्थ आले. शिवाचीच चौकशी, हे मी ओळखलं, कारण घरी जायच्या आधी ते माझ्याकडे आले. मैना काठावर होती. पाणी बारमाही आहे ना, असं त्यांनी विचारलं.

मैनेने आत वाकून पाहिलं.

"शिमग्यापर्यंत असतं," ती म्हणाली. "पुढं वहाळावरनं आणतो आमी. मुलीला हे सांगा, मग काय ते ठरवा."

ते मान हलवून गेले. त्यांचा निरोप अजून आलेला नाही, आणि नकाशाचाही नाही.

तर बाबांनो, गणपतीत माझे फोटो काढत बसू नका. मला मोजायचं असेल तर वैशाखात या, टँकर येऊन गेला का ते आधी विचारा, आणि जरा वेळ काठावर बसा. आणि तो ठिपका लवकर पुसा हो. मैना आता खरं बोलते, पण भिंतीवरचा नकाशा अजून तिचं जुनं खोटंच सांगतोय.