मावळणीचं पाणी

बजाबाईंनी कुणाला वाटीभर आमटी दिली, तर मोहोळच्या त्या गल्लीत ती पुढची दहा-बारा वर्षं शिळी होत नसे. "तुज्या बारशाला माजाच कुकर हुता की," असं त्या एका पोराला त्याच्या हळदीच्या दिवशी म्हणाल्या होत्या. मन वाईट नव्हतं बाईचं. देताना हात कधी आखडला नाही, पण दिलेलं विसरणं त्यांना जमायचं नाही. आणि कुणाचं घेणं तर त्याहून जमायचं नाही. शेजारणीची वाटी घरात आली, की ती भरूनच परत गेली पाहिजे, आणि तीही दिवस मावळायच्या आत.

अशा सासूची किडनी घ्यायची म्हणजे काय, ते वैजयंतीलाच ठाऊक.

वैजयंतीच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा ती एसटीनं सोलापूरला यायची, डायलिसिसच्या खोलीत दुपारभर पडून राहायची आणि रक्त धुऊन घेऊन घरी जायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवणारं तिचं मशीन वर्षभर कापडाखाली झाकलेलं होतं. नवऱ्याला, अमृतला, साखरेचा आजार असल्यानं त्याची किडनी चालत नव्हती. तिचे आईवडील कधीच गेले होते. तेव्हा बजाबाई एक दिवस स्वतःच डॉक्टरांपुढं जाऊन बसल्या, "माजं बी तपासा," म्हणाल्या, आणि नेमकं त्यांचंच जुळलं.

सगळं घर हरखलं. वैजयंती म्हणाली, "नको."

लोकांना वाटलं, केवढं मोठं मन! मोठं मन वगैरे काही नव्हतं. ती घाबरली होती. कुकर बारशापासून हळदीपर्यंत लक्षात राहतो, तर किडनी किती? भाजीत मीठ जास्त पडलं, की किडनी निघणार. माहेरच्या लग्नाला चार दिवस जास्त राहिलं, की किडनी निघणार. आमटीची वाटी भरून परत देता येते, ही वाटी कशानं भरणार? त्यापेक्षा डायलिसिसच्या सुया बऱ्या, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, की तिच्या हृदयावर ताण येतोय, फार दिवस थांबण्यात अर्थ नाही.

आणि दिवस मे महिन्याचे. सोलापूरचा मे. या आजारात लघवी होत नाही, म्हणून पाणी मोजून प्यायचं. दिवसभरात जेमतेम अर्धा लिटर, चहा-आमटी त्यातच धरून. ज्याला हवं तेव्हा घटाघटा पाणी पिता येतं, त्याला ही तहान सांगून कळायची नाही. वैजयंती बर्फाचा खडा जिभेखाली धरायची. स्वप्नात तिला दागिने दिसत नसत, तांब्या दिसायचा.

डायलिसिसच्या खोलीत पाण्याचं नाव काढायचं नाही, असा एक न बोलता पाळलेला नियम होता. तो मोडला धुळाआबांनी.

धुळाआबा सांगोल्याकडचे. जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यांचं वय झालेलं आणि घरात किडनी देण्याजोगं कुणी नव्हतं, तेव्हा त्यांचं जे काही होतं ते या मशीनवरच. घोंगडं आत आणू देत नाहीत म्हणून कुणीतरी दिलेली गुलाबी फुलांची चादर पांघरून ते शेजारच्या पलंगावर पडायचे. एका दुपारी, सगळे घशाला कोरड पडून गप्प झालेले असताना, ते छताकडं बघत म्हणाले, "गोडवण म्हनून एक मुलूख हाय बगा. तितं एक तळं हाय. मावळण म्हनत्यात त्येला."

मावळण म्हणजे बापाची बहीण. आली की पदराच्या गाठीत काहीतरी बांधून आणणारी आणि जाताना मागं ठेवून जाणारी.

"आबा, पाण्याचं नाव काढू नका हो," मशीनचे आकडे बघणारी सोनम म्हणाली. "आधीच पाण्यानं सगळ्यांची वजनं वाढून येतात."

"पिऊ कुटं लागलोय पोरी? सांगतोय नुसतं."

पलीकडच्या पलंगावर मैंदर्गीचे गुरुशांत होते. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. त्यांना पत्त्याशिवाय गावच पटत नसे. "हौदा? असं का?" ते आपल्या कानडी हेलात म्हणाले. "कुठल्या रूटला येतं अज्जा हे तुमचं गोडवण?"

"रूट न्हाय तितं. मेंढरामागनं चालत ऱ्हायलं की लागतंय."

"आणि तिकीट?"

"तहान असली की पुरं."

त्या दिवशी सुया टोचलेल्या हातांनिशी सगळी खोली हसली. आणि मग दर खेपेला थोडं थोडं करत गोडवण वाढत गेलं. तिथल्या कुठल्याच घरात देव्हारा नाही, कारण सगळ्यांचा देव तळ्यातच. लेकराचं नाव ठेवायचं ते काठावर, आणि आधी तळ्याला सांगून. कुणी मेलं, तर त्याच्या घरच्यांनी तळ्याला बातमी द्यायची. भांडणाचा निवाडाही काठावरच करायचा, कारण तिथं खोटं बोललं की उचकी लागते. शेवटची ही भर गुरुशांतची. त्यांना आता गोडवणचे सगळे टप्पे पाठ झाले होते. तिथं उचकी लागली तर पाणी कोण देणार, यावर एक अख्खी दुपार गेली.

पण सगळ्यात मोठी रीत आबांनी राखून ठेवली होती. ती ज्या दिवशी त्यांनी सांगितली, त्या दिवशी नेमक्या बजाबाई तिथं होत्या.

झालं होतं असं, की वैजयंती चोरून तांब्याभर पाणी प्याली होती. स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून, एका दमात, रडत रडत. मग व्हायचं तेच झालं. धाप लागली, पाय सुजले, आणि अमृतची पाचावर धारण बसली. तेव्हापासून तिला एकटी सोडायची नाही असं ठरलं. बजाबाई डबा घेऊन बरोबर आल्या, स्टुलावर ऐसपैस बसल्या आणि आल्या आल्या त्यांनी सोनमला पंखा पुसत नाहीस म्हणून सुनावलं.

"तर मावळणीची रीत अशी," आबा म्हणाले, "की तितं सवताच्या हातानं पानी प्यायचं न्हाय. दुसऱ्याच्या वंजळीतनंच प्यायचं. राजा असू दे न्हाय तर भिकारी. एकटा मानूस आला तर बसून ऱ्हायाचं काठावर, दुसरा येईस्तवर. मेंढरास्नी माफ हाय, त्येंला वंजळ न्हाय म्हनून."

"आणि दुसरा दुश्मन निघाला तर?" गुरुशांतनी विचारलं.

"त्येच्याच वंजळीतनं प्यायचं. म्हनून तर तितं दुश्मनी टिकत न्हाय."

बजाबाई इतका वेळ ऐकून घेत होत्या हेच नवल. आता त्यांना राहवेना. "आनि ज्येनं पाजलं, त्येला परत कवा पाजायचं?"

"कवाच न्हाय, बजाक्का."

"असं कसं? फेडाया नको?"

"त्येचं त्येलाच परत दिलं तर पानी दोगांतच फिरत ऱ्हातंय. जो मागनं येतोय तहानलेला, त्येला पाजायचं. पिऊन झालं की उपकार झाले म्हनायचं न्हाय. 'पुढं' म्हनायचं. एवडंच."

"मग हिशेब कोन ठेवतंय?"

"कुनी न्हाय. मावळण अडाणी हाय. तिला हिशेब येत न्हाय."

बजाबाई स्वतःच्या तळव्यांकडं बघत होत्या. मग त्या उठल्या, सोनमला विचारून साबणानं हात धुऊन आल्या आणि वैजयंतीच्या उशाशी ठेवलेल्या फुलपात्रातलं तिच्या वाट्याचं घोटभर पाणी त्यांनी आपल्या ओंजळीत ओतून घेतलं.

"पी," त्या म्हणाल्या.

"लोकं बघतायत, आत्या."

"बगू द्यात की. पी, गळाया लागलंय."

खरंच गळत होतं. बोटांच्या फटीतून दोन थेंब चादरीवर पडले, आणि तहानलेल्या माणसाला तेवढंही सोसत नाही. वैजयंतीनं मान उचलली आणि सासूच्या ओंजळीला तोंड लावलं. त्या हातांना साबणाचा वास होता आणि साबणाखाली कांद्याचा. या देण्यापासून चपला घालून पळत सुटावं असं तिला इतके दिवस वाटत होतं, ते कुठंतरी विरून गेलं. घोटभर पाणी, पण ते घशाखाली उतरेपर्यंत तिचे डोळे वाहायला लागले होते.

"आता म्हन," बजाबाई म्हणाल्या. "ते काय म्हनत्यात ते. आन् मला फेडायचं न्हाय, ऐकलंस न्हवं?"

"पुढं," वैजयंती म्हणाली.

डॉक्टरांना हवा असलेला होकार तो हाच, हे त्या खोलीत कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. गुरुशांत भिंतीकडं तोंड करून बराच वेळ नाक ओढत होते. परतीच्या एसटीत बजाबाईंनी खिडकीच्या जागेवरून एका बाईशी कडाक्याचं भांडण केलं, त्यामुळं वैजयंतीला जरा बरं वाटलं.

पुढचं सगळं पुण्याला झालं. सासू म्हणजे रक्ताचं नातं नव्हे, म्हणून आधी समितीपुढं जावं लागलं. कुणी जबरदस्ती केली का, बदल्यात काय मिळणार, असं तिथल्या बाईंनी खोदून खोदून विचारलं. बजाबाईंनी त्यांना मावळणीची रीत सांगितली. बाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "कुठं आलं हे तळं?"

"मेंढरामागनं चालत ऱ्हायलं की लागतंय," बजाबाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. किडनी जागच्या जागी कामाला लागली. डॉक्टर वैजयंतीला म्हणाले, "आता भरपूर पाणी प्यायचं, दिवसाला तीन लिटर," आणि हे वाक्य तिनं त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

घरी आल्यावर वैजयंती वाट बघत होती. टोमणा कधी येतो याची. चहात साखर कमी पडली, बजाबाई कडाडल्या. दूध उतू गेलं, पुन्हा कडाडल्या. गल्लीतल्या एकीला तिच्या बारशाच्या कुकरची आठवणसुद्धा करून दिली. पण पावसाळा सरला, दिवाळी झाली, थंडी आली, किडनीचं नाव त्या तोंडातून एकदाही निघालं नाही. एकदा शेजारीण म्हणाली, "बजाबाई, केवडं दिलंसा सुनेला!" तर त्या म्हणाल्या, "काय दिलं? घोटभर पानी पाजलं." आत मशीनवर ब्लाउज शिवत बसलेल्या वैजयंतीनं ते ऐकलं, आणि पाय थांबवून तिनं मनातल्या मनात सासूच्या पाया पडून घेतलं.

सोलापूरला तपासणीला गेल्या, त्या दिवशी दोघी डायलिसिसच्या जागी गेल्या. वैजयंतीला आत जाण्याची मनाई होती, औषधांमुळं तिला कुणाचाही संसर्ग चटकन होऊ शकत होता. म्हणून सोनमनं धुळाआबांना आणि गुरुशांतना बाहेर लिंबाच्या झाडाखाली आणून बसवलं. आबा वाळले होते. पण वैजयंतीला तोंडावरच्या मास्कसकट बघून त्यांचा चेहरा फुलला.

"पी," ते म्हणाले. "माज्यासमोर पी. मला बगायचंय."

वैजयंती घुटमळली. तहानलेल्या माणसासमोर पाणी प्यायचं म्हणजे भुकेल्यासमोर जेवण्यासारखंच. "आबा, नको."

"आगं पी की. कितीक दिसांत मानूस पोटभर पानी पिताना बगिटला न्हाय."

बजाबाईंनी हात धुतले, पिशवीतला तांब्या काढला आणि ओंजळ धरली. वैजयंतीनं मास्क खाली घेतला आणि प्याली. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्याली. आबा तिच्या गळ्याकडं बघत होते आणि तिच्या प्रत्येक घोटाबरोबर त्यांचाही कंठमणी वरखाली होत होता. तांब्या रिकामा झाला तेव्हा ते म्हणाले, "लई ग्वाड," जणू तेच प्याले होते.

"पुढं," वैजयंती म्हणाली. तिनं हात धुतले, आबांची बाटली उघडली आणि त्यांच्या दिवसाच्या पाण्यातला एक घोट आपल्या ओंजळीत घेऊन त्यांच्या ओठांशी धरला. आबा सावकाश प्याले. डोळे मिटून प्याले.

"पुढं," ते म्हणाले. मग त्यांनीही हात धुऊन घेतले आणि बाटलीतलं आणखी थोडं पाणी आपल्या ओंजळीत ओतलं.

"अज्जा, आजचं संपतंय की तुमचं," गुरुशांत म्हणाले.

"संपू दे," म्हणत आबा बजाबाईंकडं वळले. "बजाक्का, तुमी पाजलंसा. तुमाला कुनी पाजलं?"

बजाबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाचं काही भरून परत दिल्याशिवाय घेतलं नव्हतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं. तांब्या रिकामा होता. परत द्यायला जवळ काही नव्हतं, आणि ज्यानं स्वतःच्या तहानेतून काढून दिलं होतं, त्याच्या बोटांतून पाणी गळत होतं.

त्या खाली बसल्या. आबांच्या ओंजळीला तोंड लावून प्याल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि वैजयंतीला जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "पुढं."