चार नंबरच्या खाटेचा श्वास

नारायणरावांच्या वॉर्डात मिनिटाला वीसच्या वर श्वास घ्यायची कुणाला परवानगी नव्हती. दहा खाटा, दहा तक्ते, आणि दहाही तक्त्यांवर श्वासाच्या रकान्यात वीस. हाड मोडलेल्याला वीस, हगवणीवाल्याला वीस, बाळंतिणीला वीस. सकाळी वीस, संध्याकाळी पुन्हा तेच.

नारायणराव हे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले जुने कंपाउंडर. निजामाच्या अमलात नोकरीला लागले. पुढं राज्य बदललं, तक्ते उर्दूतले इंग्रजीत आले, आकडा मात्र जागचा हलला नाही.

"सरकारं येतात न् जातात, महानंदाबाई," चहा बशीत ओतत ते म्हणाले. "माणूस दम तेवढाच घेतो."

महानंदा हैदराबादेहून नर्सिंग शिकून आलेली. रुजू होऊन दोन दिवस झाले होते. तिच्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ होतं, आणि या दवाखान्यात खरं चालणारं तेवढंच आहे, असं मत तिनं पहिल्याच दुपारी करून घेतलं होतं.

"पण तुम्ही मोजता कधी?"

"मोजायचं काय त्यात? सोळा लिहिलं की साहेब विचारणार, कमी का. चोवीस लिहिलं की, जास्त का. वीसला आजवर कुणी काही विचारलं नाही. तेवीस वर्षं झाली."

तेवीस वर्षांत हा गृहस्थ एक आकडा शिकला, आणि तोही रोग्याकडं न बघता लिहिता येतो म्हणून. महानंदानं मनातल्या मनात नारायणरावांचं खातं उघडलं आणि पहिली रक्कम नावे टाकली.

त्या शनिवारी सकाळी तात्या आले. बेंबळीकडचे मोठे जमीनदार. कुळानं लावलेल्या दाव्याची सोमवारी तहसिलीत तारीख होती, म्हणून शनिवारी त्यांच्या छातीत धरलं. छकड्यातून गादी उतरली, तक्क्या उतरला, पानाचा डबा उतरला, आणि मग "मेलो गं आई, दम पुरंना" करत तात्या उतरले. ओरडणं असं, की पलीकडच्या आळीतली कुत्री उठली. एवढं ओरडायला ज्याला वारा पुरतो, त्याच्या छातीला काय धाड भरली होती? तात्या पान जुळवण्यात गुंतले तेव्हा महानंदानं उभ्या उभ्या त्यांचे श्वास मोजून घेतले. पंधरा. सगळ्या वॉर्डात असली निरोगी छाती नव्हती.

पण खाट रिकामी नव्हती. डॉक्टर फेरीला निघाले, मागं तक्ते घेऊन नारायणराव.

"चार नंबर, साहेब," नारायणराव हळूच म्हणाले. "सहा दिवस झाले. ताप शंभरावर आलाय. श्वास पहिल्या दिवसापासून वीस. हिला सुट्टी दिली, बायकांकडचा पडदा एक खाट मागं सरकवला, की ही खाट पुरुषांत येते. तात्यांची सोय होते."

चार नंबरला सत्यभामा होती. जळकोटची शेतकरीण, खळ्यावरून ताप-खोकला घेऊन आलेली. ती ओरडत नव्हती, कारण ओरडण्याला लागतो तो वारा तिच्याकडं नव्हता. खाट मात्र ओरडणाऱ्याला मिळायची होती.

महानंदानं तिला सकाळीच पाहिलं होतं. नाडी बघते आहे असं दाखवून मनगट धरलं, आणि नजर पोटावरच्या लुगड्याच्या निऱ्यांवर ठेवून पुरतं एक मिनिट मोजलं. अडतीस. नाकपुड्या फुलत होत्या. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खोबण आत ओढली जात होती. "पेज घेतलीस का?" एवढं विचारलं, तर "न्हाय" आणि "जी" यांच्यामध्ये तिला दोनदा थांबावं लागलं. महानंदानं तक्त्यावरचे वीस खोडले आणि अडतीस लिहिले.

डॉक्टरांची नजर तिथंच अडखळली. "हे काय?"

"नव्या बाईंची खाडाखोड, साहेब," नारायणराव म्हणाले. "चांगला सरळ तक्ता होता. मधीच उंट उभा केलाय."

"सिस्टर, काल वीस आणि आज अडतीस?"

"काल कुणी मोजले नव्हते, साहेब."

डॉक्टरांना हे झोंबलं. तक्त्यावरच्या वीसवर रोज त्यांचीच सही होती. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. "ठीक. सगळ्यांदेखत मोजू या."

खाटेशी खाली बसलेली सासू, दगडाबाई, ताडकन उठली. "दम मोजायलाव? अवो, नगा! देवानं मोजूनच दिल्यात ते. मानसानं मोजलं की सरत्यात!"

आधीच दोन पुरुष छातीकडं टक लावून उभे, त्यात सासूचा हा इशारा. सत्यभामानं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि दातावर दात दाबून दम धरला. अगदीच जीव कासावीस झाला की चोरून एक घ्यायची. डॉक्टरांनी अर्धं मिनिट मोजलं आणि दुप्पट केलं.

"अठरा," ते म्हणाले.

"दोन कमीच भरले, साहेब," नारायणरावांनी आपल्याच घरचं लग्न जमल्यासारखं सांगितलं.

ओसरीवरून तात्यांचा आवाज आला, "डाक्टर, आमचं काय ठरलं? जीव चाललाय इथं!"

सुट्टीचा कागद निघाला. या बाईला छकड्यात घातली, तर जळकोटची वेसही तिला दिसायची नाही, हे महानंदाला दिसत होतं. आणि डॉक्टरांना चुकलात म्हणावं, तर ते त्या अठरालाच धरून बसतील, हेही कळत होतं. साहेबाला चूक दाखवू नये, काम दाखवावं.

"साहेब, सुट्टीच्या कागदावर नाडी भरायची राहिली."

रकाना रिकामा म्हटल्यावर डॉक्टर मुकाट्यानं टेकले. त्यांनी मनगट हातात घेतलं.

"झालं गं बाई मोजून," महानंदा सत्यभामाला म्हणाली. "आता नुसती नाडी."

"नाडी का? बघा की खुशाल," दगडाबाई खाली बसली.

सत्यभामानं दम सोडला, आणि इतका वेळ अडवून धरलेल्या छातीनं आपली सगळी बाकी एकदम मागितली. पदर घसरला. लोहाराचा भाता चालावा तशी छाती चालू लागली.

"मनगट सोडू नका, साहेब," महानंदा इंग्रजीत पुटपुटली. "घड्याळ मी बघते. तुम्ही पोटाकडं बघा. पुरतं मिनिट."

हे डॉक्टरांना शिकवलेलं होतं. कधीतरी, परीक्षेपुरतं. त्यांचे कान लाल झाले.

"बास," महानंदा म्हणाली.

"चाळीस." डॉक्टरांनी नळी काढली आणि सहा दिवसांत पहिल्यांदा तिच्या पाठीला लावली. बराच वेळ ऐकलं. "उजवीकडं खाली हवाच जात नाही. पेनिसिलिन काढा."

नारायणराव चुळबुळले. "ते तात्यांसाठी बाजूला..."

"काढा म्हणतो ना!"

सत्यभामाला टेकवून बसवायला वॉर्डात धड उशी नव्हती. महानंदा ओसरीवर गेली.

"तात्या, तक्क्या द्या."

"माझा? आणि मी कुठं टेकू? मला दम लागलाय, पोरी!"

"तुमचा दम मिनिटाला पंधरा आहे. मी मोजलाय. तहसीलदारसाहेबांना तसं लिहून धाडू का?"

तात्यांनी तक्क्या दिला. घटकाभरानं छकडा जुंपायलाही सांगितलं. सोमवारी तहसिलीत कुळाच्याही आधी ते हजर होते, असं पुढं कळलं.

सत्यभामाची खाट हलली नाही. दर तीन तासांनी सुई सुरू झाली. रविवारी अडतीसचे बत्तीस झाले, सोमवारी अठ्ठावीस, आणि ती दगडाबाईशी भांडून पेजेत मीठ मागू लागली.

मंगळवारी नारायणराव एक कागद घेऊन आले. डॉक्टरांचा मेमो. चार नंबरच्या रोग्याचा श्वास सहा दिवस वाढलेला असताना तो वेळीच वरिष्ठांच्या निदर्शनास का आणला नाही, याचा लेखी खुलासा नर्स महानंदा यांनी करावा.

"मनाला लावून घेऊ नका, बाई," नारायणराव मायेनं म्हणाले. "मी सांगतो तसं लिहा. 'नजरचुकीनं राहिलं.' कुणी काही विचारत नाही."

"नजरचूक व्हायला आधी नजर टाकावी लागते, नारायणराव."

तिनं कागदाखाली आपली रुजू झाल्याची तारीख लिहिली, तेवढीच, आणि सही करून कागद त्यांच्या हातात परत दिला. मग ती उठली. सुईची वेळ झाली होती.