बाभळीच्या खोडात अडकलेला मासा

मित्रांनो, माझी शेपूट अर्धी आहे, पाठीला भोक आहे आणि एका अंगाचा रंग उडाला आहे. तरी मी मासाच आहे. खरा नव्हे, मऊ प्लास्टिकचा, बोटभर लांबीचा, गळात ओवून पाण्यात फिरवायचा. शहरातली हौशी मंडळी मला लूर म्हणतात. ज्यांनी मला घडवले ते आप्पा मला 'आपला मासा' म्हणतात आणि मला तेच नाव आवडते. माझ्यापायी आप्पांच्या जिवावर बेतले होते. त्यात माझा दोष नव्हता, पण मला अजून अपराधी वाटते, म्हणून ती हकिकत तुम्हाला सांगतो.

आप्पांचे नाव रंगनाथ. द्राक्षाची कलमे बांधावीत तर त्यांनीच, असे दिंडोरीकडचे बागायतदार म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय बराचसा सुधारला, डावा हात मात्र बधिर राहिला. कलमाला दोन हात लागतात. एकाने काडी धरायची आणि दुसऱ्याने ब्लेडने पाचर छाटायची. आप्पांनी काम सोडले आणि ते इंदिरानगरला मुलीच्या, निकिताच्या, फ्लॅटवर राहायला आले. दिवसभर गॅलरीत बसत. त्यांची बायको साळूबाई चहा ठेवून जात आणि तासाभराने गार झालेला कप उचलून नेत.

निकिता साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी परवाना काढून इगतपुरीकडच्या धरणांवर गळ टाकायला जाते. सापडलेला मासा ती परत पाण्यात सोडते. एवढे लांब जाऊन हात हलवत परत येणारी पोर आपल्याच पोटी कशी आली, हे साळूबाईंना अजून कळलेले नाही. एके दिवशी निकिताने पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा एक तुकडा आप्पांसमोर ठेवला. थंडीत धरणाचे पाणी गार पडले की बाजारातल्या लूरची शेपूट ताठ होते, हलतच नाही, असे तिने सांगितले. गार पाण्यातही हलेल असा मासा कोरून द्याल का, असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ती कामावर निघून गेली.

आप्पांनी तुकडा दोन गुडघ्यांत दाबून धरला आणि कलमाच्या ब्लेडने कोरायला घेतला. अठरा दिवस लागले. अठराव्या दिवशी त्यांनी चहा गरम असतानाच प्यायला.

त्या लाकडी माशावरून जेवणाच्या डब्यात प्लास्टरचा साचा झाला. आमचे प्लास्टिक आधी दुधासारखे पातळ असते. तापवले की घट्ट होते, आणखी तापवले की पाकासारखे पारदर्शक होते, आणि तेव्हाच ते ओतायचे. पहिल्याच वेळी आप्पांनी घाई केली. साचा आतून ओलसर होता. मी आत गेलो, ओलाव्याची वाफ झाली आणि मी चर्रकन उसळून आप्पांच्या चष्म्यावर उडालो. काचेवर माझा एक थेंब चिकटला. निकिताने चष्मा उतरवून आधी त्यांचे डोळे पाहिले आणि मग काचेवरचा थेंब नखाने खरवडला. त्यानंतर साचा आठवडाभर उन्हात वाळला.

मग मी तीनदा जन्मलो आणि तीनदा वितळलो. पहिल्या खेपेला इतका ताठ की शेपूट हलेना. मग मऊ करणारे तेल वाढवले, तर शेपूट हलली पण मी पाण्यावर तरंगू लागलो. वजनासाठी साळूबाईंच्या मिक्सरमध्ये मीठ पिठासारखे दळून माझ्यात मिसळले, आणि मिक्सरला प्लास्टिकचा वास लागला या संशयाने त्यांनी चार दिवस चटणी पाट्यावर वाटली. तिसऱ्या खेपेला मीठ कमी पडले. चौथ्या खेपेला मी बुडालो, पण एका अंगावर कलंडत होतो. तेव्हा आप्पांनी मला वितळवले नाही. टबातल्या पाण्यातून मला ओढायचे, बाहेर काढायचे, शेपटीच्या मुळाशी केसाएवढे तासायचे, पुन्हा ओढायचे, असे त्यांनी दिवसभर केले. संध्याकाळी मी सरळ पोहलो. माझी शेपूट लटलट हलली. आप्पा म्हणाले, "निके, हात मेला नाय अजून."

दुसऱ्या दिवशी साचा पुसताना त्यांच्या डाव्या हातातून सुटला आणि फरशीवर फुटला. लाकडी मासा साच्यातून काढतानाच दुभंगला होता. आता माझ्यासारखा दुसरा होणार नव्हता. आप्पा तुकडे गोळा करत राहिले आणि मी खिडकीत पडून ते पाहत राहिलो. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी नुसता मासा राहिलो नाही. त्यांचा हात अजून चालतो याचा मी एकमेव पुरावा होतो.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही धरणावर गेलो. पाणी उतरू लागले होते. काठाला वरून वाळलेला, भेगाळलेला गाळ होता. निकिताने मला पहिल्यांदा फेकले आणि खरे सांगतो, त्या गार पाण्यात मी असा पोहलो की माझा मलाच हेवा वाटला. तिसऱ्या फेकीला मरळ माझ्या मागे लागली. काळी, हातभर लांब. निकिताने झटका दिला, मरळ चुकली आणि माझा गळ पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडात रुतला.

तिने डावीकडून ओढले, उजवीकडून ओढले. गळ निघेना. विणलेला दोरा हाताला गुंडाळून ओढायचा नसतो, तो मांस कापत जातो. काठीला गुंडाळून ओढतात. काठी गाडीत राहिली होती. "आप्पा, कशाला हात लावू नका, मी काठी घेऊन येते," असे म्हणून ती चढ चढून गेली.

आप्पा थांबले नाहीत. मित्रांनो, त्यांनी काय केले ते ऐका. दोरा कापतो हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांनी तो डाव्या हाताला गुंडाळला, कारण त्या हाताला काही कळतच नव्हते. आणि जन्म चिखलात गेला असल्यामुळे त्यांनी गाळात पाय टाकला. पण मळ्यातल्या चिखलाखाली टणक जमीन असते. धरणाच्या गाळाखाली गाळच असतो.

दोन पावलांत ते गुडघ्यापर्यंत गेले. तिसऱ्याला मांडीपर्यंत. मागे सरकायला गेले तर दोरा ताणला गेला, एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा हात. जितके मागे झुकावे तितका दोरा आत रुते. त्यांना ते कळत नव्हते, पण मला कळत होते. दोऱ्यावरून थरथर माझ्यापर्यंत येत होती आणि मग त्यावरून लाल पाणी ओघळू लागले. मला ओरडायचे होते. प्लास्टिकच्या माशाला तोंड कोरतात, आवाज देत नाहीत.

निकिता काठी घेऊन आली आणि जागीच थबकली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, खिशातली ब्लेड काढा. दोरा कापा."

आप्पांनी ब्लेड काढली. ज्या ब्लेडने माझी शेपूट तासली तीच. ती दोऱ्याला लावली आणि तशीच धरून ठेवली.

"साचा फुटलाय, निके," ते म्हणाले. "आता परत व्हायचा नाय."

गाळ त्यांच्या कमरेकडे सरकत होता. मी मनात म्हणत होतो, कापा, कापा, मी कोण लागून गेलो. निकिताने त्यांना समजावले नाही. रडलीही नाही. तिने बूट काढले, काठाशी नीट ठेवले आणि गाळात पाऊल टाकले. ते घोट्यापर्यंत गेले.

"थांब तिथंच," आप्पा म्हणाले.

तिने दुसरे पाऊल उचलले. ते खाली टेकायच्या आत दोरा कापला गेला.

मी सैल झालो आणि खोडाच्या आड लोंबलो. वरचे फारसे दिसले नाही, पण ऐकू आले. निकिता काठावर पालथी पडून काठी पुढे सरकवत होती आणि उताणे पडा, पाय ओढू नका, हळू, असे सांगत होती. बराच वेळ गाळाचा पचपच आवाज आला. मग दोन माणसांचे धापा टाकणे. मग गाडीचा आवाज, आणि नंतर काही नाही. हाताला सात टाके पडले हे मला खूप नंतर समजले.

पुढचे काही महिने मी खोडात होतो. मित्रांनो, त्या काळात मला एकटेपणाची भीती वाटली नाही, दुसरीच वाटली. ती मरळ रोज येई आणि माझ्याभोवती फिरे. आम्ही मऊ मासे कुजत नाही. कोणी गिळले तर पोटात फुगून बसतो. मला मासे फसवायला केले होते, मारायला नव्हे. एका दुपारी कोणीतरी मागून आले आणि माझी अर्धी शेपूट तोडून घेऊन गेले. ती कोणाच्या पोटात गेली, ते जगले की मेले, मला माहीत नाही. हे मला आजही टोचते.

मे महिन्यात पाणी हटले. खोड उघडे पडले, खालचा गाळ दगडासारखा वाळला. एका सकाळी आप्पा आणि निकिता आले. आप्पा प्रत्येक पावलाआधी काठी टोचून पाहत होते. त्यांनी लोंबणारा दोरा शेवटच्या वितीपर्यंत गोळा केला, गळ सोडवला आणि मला डाव्या तळहातावर ठेवले. तिथे दोऱ्याची पांढरी रेघ होती. मी बरोबर तिच्यावर पडलो.

"लय वाट पाहिली याने," आप्पा म्हणाले.

"तुम्ही दोरा लवकर कापला असता तरी त्याने वाट पाहिलीच असती," निकिता म्हणाली. आप्पांनी मान हलवली.

आता मी गॅलरीत एका वेगळ्या पिशवीत असतो, कारण इतर मऊ माशांसोबत ठेवले की आमचे रंग एकमेकांना लागतात. आप्पांनी नवा मासा कोरला आहे, यावेळी साचे दोन केले आहेत. नवा थोडा डावीकडे कलंडतो. टबाशी बसून ते त्याला तासत असतात आणि साळूबाई चहा थेट त्यांच्या हातात देतात.

मित्रांनो, आम्हाला पाण्यात टाकून जाऊ नका. तुटलेला तुकडा, उरलेला दोरा, सगळे परत न्या. पण कधी आम्ही अडकलो आणि वाट गाळातून असेल, तर दोरा कापा आणि मागे फिरा, आणि मागून कोणी पाऊल टाकण्याची वाट पाहू नका. पाणी उतरले की आम्हाला न्यायला या. मी चार महिने खोडात थांबू शकलो. आप्पांना गाळात तेवढा वेळ मिळाला नसता.