लाइन खराब आहे

ऑपरेटरबाईंचा टॅब रुसला आणि घरातला जो तो वैद्य झाला. लेक म्हणाली, तूच काहीतरी भलतंच दाबलंस. तीन वर्षांच्या नातीनं टॅबला फुंकर घातली. शेजारच्या फ्लॅटमधल्या निवृत्त मास्तरांनी जिन्यातच निदान केलं, की बंद करा आणि चालू करा, जगातली निम्मी दुखणी त्यानंच बरी होतात. बाईंनी बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. वरच्या कोपऱ्यात वायफायच्या कमानी अगदी नीट दिसत, पण शेजारी एक उद्गारचिन्ह उभं असे. म्हणजे उंबऱ्याच्या आत घेत होते, पण पाणी काही विचारत नव्हते.

बाईंची उभी हयात टेलिफोन एक्सचेंजच्या नोकरीत गेली होती. कानाला हेडफोन लावून त्यांनी अख्ख्या गावाला एकमेकांशी बोलतं केलं. तिथलं नाव चिकटलं ते चिकटलं. निवृत्त झाल्या, नवरा गेला, लेकीकडे राहायला आल्या, तरी सोसायटीत त्या ऑपरेटरबाईच. आणि अशा बाईला घरातल्या घरात फोन लावता येईना. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण लेकीच्या चेहऱ्यावर ते वाचता येत होतं.

टॅब बिघडला म्हणून दुसऱ्या कुणाचं काही अडलं नव्हतं. बाईंचा मात्र जीव त्यात अडकला होता, आणि त्याचं कारण होतं अक्का. अक्का म्हणजे थोरली बहीण. दूर परदेशात मुलाजवळ राहायची. रोज संध्याकाळी दोघी टॅबवर समोरासमोर बसत आणि तास तास बोलत. बोलत कसल्या, भांडत. वडिलांचं घड्याळ लहानपणी कुणी पाडलं यावर दोघींचं अजून एकमत झालं नव्हतं. अलीकडे अक्काच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. तारीख तेवढी ठरायची होती.

"तारीख कळली की आधी तुला सांगते," अक्का म्हणाली होती. "मग तू ये. आवाज आहे तोवर भांडून घेऊ."

बाईंनी पासपोर्ट, व्हिसा सगळं करून ठेवलं होतं. अक्काचा मुलगा, म्हणजे बाईंचा भाचा आणि लेकीचा दादा, तिकीट काढायला नुसता टपून बसला होता. आणि नेमका तेव्हाच हा टॅब आडवा पडला.

बाईंचा स्वतःचा फोन बटणांचा, साधा; त्यावरून परदेशात फोन लागत नसे. म्हणून त्यांनी लेकीला सांगितलं, तुझ्या फोनवरून लावून दे. लेक फोन घेऊन बाल्कनीत गेली, काचेचं दार ओढून घेतलं आणि थोड्या वेळानं परत येऊन म्हणाली, उचलत नाहीत, झोपले असतील. पुढे एकदा म्हणाली, दादाचा मेसेज आलाय, मावशी बरी आहे, तारीख अजून मिळाली नाही, तू काळजी करू नकोस. बाई मग काळजी न करण्याचा प्रयत्न करत बसल्या.

प्रयत्न टॅबवरही चालूच होते. सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी घरचं नेटवर्क विसरायला लावलं आणि पुन्हा ओळख करून दिली. पासवर्ड म्हणजे नातीचं नाव आणि जन्मवर्ष, तो चष्मा लावून एकेक अक्षर उच्चारत घातला. टीव्हीमागच्या राउटरची पिन काढली, सावकाश जप केल्यासारखे आकडे मोजले, पिन लावली. दिवे एकामागून एक हिरवे झाले. लेकीच्या फोनवर सिनेमा चालला, टीव्हीवर नातीची गाणी चालली, टॅब तेवढा मख्ख. टॅब घेऊन त्या राउटरच्या इतक्या जवळ जाऊन बसल्या, की नातीला वाटलं आजीला शिक्षा झालीय.

"आई, जुना झालाय तो," लेक म्हणाली. "मी दुकानात विचारलंय. पार्ट यायचाय."

बाईंना पटलं. एकदा मनात येऊन गेलं होतं, की मास्तरांकडे जाऊन त्यांच्या वायफायवर लावून पाहावा. पण लेक सांगतेय म्हटल्यावर ते राहिलंच. पोटच्या पोरीच्या शब्दाची खातरजमा कोण शेजाऱ्याकडे जाऊन करतं? उलट त्यांना स्वतःचीच भीती वाटायला लागली. हात कापत असेल, डोकं चालत नसेल, खरंच काहीतरी दाबलं गेलं असेल. म्हातारपण असंच कुठल्यातरी बटणापासून सुरू होत असेल, असं म्हणून त्यांनी दोनदा डोळे पुसले.

जावई दवाखान्यांना यंत्रं विकायचा आणि महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी असायचा. तो परतला तेव्हा दुपार होती, लेक कामावर गेली होती आणि नात झोपली होती. बाईंनी त्याला चहा दिला आणि कपाशेजारी टॅब ठेवला. जावई स्वभावानं भला. घरी येताच समोर काम टाकलं तरी हसणारा.

"आणा इकडे, आई. बघू याला काय धाड भरलीय."

त्यानं बाईंनी केलेलं सगळं एकदा पुन्हा केलं, फक्त भराभर. विमानाचं चिन्ह लावलं, काढलं. नेटवर्क विसरायला लावलं, जोडलं. मग म्हणाला की टॅब ठणठणीत आहे, घोळ राउटरकडे दिसतोय, आणि स्वतःच्या फोनवर राउटरचं ॲप उघडलं. घरात कुठकुठलं यंत्र जोडलंय ते त्यात दिसतं, असं तो बाईंना समजावत होता. टीव्ही दिसला, लेकीचा फोन दिसला, त्याचा लॅपटॉप दिसला. मग 'आईचा टॅब' दिसला आणि त्याच्यापुढे दोन उभ्या रेघा.

"हा बिघडलेला नाहीच, आई. याला थांबवलंय कुणीतरी—" जावई म्हणाला आणि त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

ते ॲप घरात दोनच फोनवर होतं. एक त्याचा, आणि तो पंधरवडाभर गावात नव्हता.

"चुकून दाबलं गेलं असेल," तो म्हणाला. "होतं असं. मुलांच्या हातात फोन जातो..."

बाईंनी तीस वर्षं आवाज ऐकण्यात काढली होती. कुणाचा नवरा खरंच कामात आहे आणि कुणाचा नाही, हे त्यांना पहिल्या हॅलोत कळायचं. जावयाचा आवाज खाली आला होता आणि शेवटचे शब्द त्यानं गिळले होते. त्यांना एक्सचेंजमधला बोर्ड आठवला. ज्या ग्राहकाची लाइन वरच्या हुकमानं तोडायची, त्याच्या नंबराच्या भोकात एक लाकडी खुंटी ठोकून ठेवत. तो बिचारा तक्रार घेऊन आला, की सगळ्या ऑपरेटर एकच वाक्य सांगत, लाइन खराब आहे, माणूस पाठवतो. खुंटी मारलीय असं कधी सांगायचं नाही, हा तिथला नियमच होता. पार्ट यायचाय, हे त्यातलंच वाक्य. इतके दिवस त्या ते ऐकत होत्या आणि त्यांना ओळखू आलं नाही, कारण सांगणारा आवाज लेकीचा होता.

"काढा," त्या एवढंच म्हणाल्या.

जावयानं रेघांवर बोट ठेवलं. उद्गारचिन्ह गेलं. टॅब थरथरला आणि साठलेले निरोप धडाधड यायला लागले. जावई कप उचलून स्वयंपाकघरात गेला आणि तिथंच थांबला.

अक्कानं बोलून पाठवलेले निरोप होते. तिला लिहायचा कंटाळा. पहिल्यात घसा खरखरत होता, पण ती हसत होती: तारीख मिळाली गं, फोन का उचलत नाहीस, लवकर नीघ. दुसरा दोन दिवसांनंतरचा.

"तुझ्या लेकीचा फोन आला होता. तू येत नाहीस म्हणे. गुडघे दुखतात, प्रवास झेपणार नाही म्हणालीस म्हणे. असू दे. मी काय म्हणणार? पण हे तू मला सांगायचं होतंस. लेकीकडून निरोप कसला धाडतेस? आपण काय परक्या आहोत?"

तिसरा ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचा. त्यात अक्का बराच वेळ नुसती श्वास घेत होती. मग म्हणाली, "बोलायचं होतं गं तुझ्याशी," आणि निरोप संपला. त्याला आठ दिवस होऊन गेले होते.

बाईंनी तो पुन्हा लावला. परत लावला. केसानं गळा कापतात म्हणतात, तो कसा ते त्यांना त्या खुर्चीत कळलं. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. इथं कुंपणच शेत खाऊन बसलं होतं आणि वर रोज विचारत होतं, आई, टॅब लागला का गं?

लेक संध्याकाळी आली. एका मोठ्या लॅबमध्ये तिला नवीन जागा मिळाली होती, वरची. तीन महिने काम बघून मग पक्कं करणार होते. पर्स ठेवता ठेवता तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग टेबलावरचा उजळलेला टॅब पाहिला आणि खाली बसली. नाकारण्याचा प्रयत्न तिनं केला नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं.

तिनं सगळं सांगितलं. भाच्याचा फोन तिलाच आला होता. आई गेली असती तर दीड-दोन महिने परतली नसती. छोटीला ठेवायचं कुणाकडे? पाळणाघरात पोर आजारी पडते, नवरा सदा बाहेर, रजा मागितली तर जागा गेली. इतकी वर्षं वाट पाहिलेली जागा. मावशीचं ऑपरेशन व्यवस्थित होणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. बरी झाली की आईला आरामात पाठवणार होते, देवाशपथ.

"तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस?" लेकीनं विचारलं.

"नसते थांबले."

"मग?" लेक म्हणाली.

त्या एका शब्दानं बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. लेकीला खरोखरच वाटत होतं, की यात सगळं आलं. आई थांबली नसती, म्हणून आईला विचारायचं नाही.

"तिचा आवाज होता तोवरच जायचं होतं मला," बाई म्हणाल्या. "माझ्या तोंडून तू नाही म्हणालीस. आणि मी इथं बसून माझं डोकं फिरलंय का म्हणून रडत होते. तू रोज बघत होतीस."

लेकीनं मान खाली घातली. जावई काहीतरी बोलायला पुढे झाला आणि बाईंच्या नजरेनं मागे सरला. अक्काशी बोलायची नेहमीची वेळ झाली होती. बाई टॅब घेऊन आपल्या खोलीत गेल्या, पलंगावर बसल्या, केस सारखे केले. लेक मागोमाग येऊन दारात उभी राहिली.

"आई, त्यांना माझं नाव सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "दादा मला कायमचा तोडेल. टॅब बिघडला होता म्हण ना."

बाईंनी फोन लावला.

भाच्यानं उचलला. मावशी, म्हणाला, आणि पुढे अवघडला. मग स्क्रीन फिरवली. अक्का उशांना टेकून बसली होती. गळ्याला जाड पट्टी, चेहरा निम्मा झालेला. तिनं बहिणीला पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. एरवी अशा वेळी ती चार शेलकी वाक्यं ऐकवायची आणि मग गाडी रुळावर यायची. आता ऐकवायला काही उरलं नव्हतं. बाई कान देऊन बसल्या, सवयच तशी, आणि त्यांना फक्त तिकडच्या पंख्याचा आवाज आला. अक्का रागावलीय की दुखावलीय की नुसती थकलीय, हे ओळखायला त्यांच्याजवळ काही साधनच नव्हतं.

"अक्का, मी नाही म्हणाले नव्हते," बाई म्हणाल्या. "मला तारीखच कळली नाही. माझ्या लेकीनं माझा टॅब बंद करून ठेवला होता आणि तुला खोटं सांगितलं. मी पहिल्या विमानानं आले असते."

दारात लेकीनं तोंडावर हात ठेवला. पलीकडे भाचा काहीतरी म्हणाला, ते चांगलं नव्हतं. अक्कानं मान वळवली. बराच वेळ ती बहिणीकडे पाहत राहिली, तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून पट्टीवर उतरलं, आणि मग तिचे ओठ हलायला लागले. एकेक शब्द, सावकाश. बाईंनी टॅब डोळ्यांशी नेला तरी काही अर्थ लागेना. आयुष्यभर कानांनी माणसं वाचली, ओठ कधी वाचलेच नव्हते.

"काय म्हणतेय रे?" त्यांनी भाच्याला विचारलं.

भाच्यानं आईकडे पाहिलं. तिनं पुन्हा ओठ हलवले.

"म्हणतेय, पोरीला रागावू नकोस. लेकरू आहे."

बाईंनी वर पाहिलं. लेक दारात उभी होती, भिजलेल्या डोळ्यांनी, आणि त्या डोळ्यांत आता थोडी आशा आली होती.

"तिला सांग," बाई भाच्याला म्हणाल्या, "ते माझं मी बघेन. तू माझं तिकीट काढ."

मग त्या उठल्या आणि त्यांनी दार लेकीच्या तोंडावर लावून घेतलं.