नानांच्या बोलण्याची लांबी

मित्रांनो, मी पीएचपी नावाच्या संगणकभाषेतला एक जुना ऑब्जेक्ट आहे. ऑब्जेक्ट म्हणजे एखाद्याची माहिती एकत्र धरून ठेवणारी रचना. माझ्यात अंथुर्ण्याच्या नानांचं नाव, गाव, वय आणि त्यांनी सांगितलेल्या आठवणी आहेत. मला स्वतःचं असं काही नाही. जे आहे ते नानांचं बोलणं. ते सांभाळताना काय घडलं, तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म आठ वर्षांपूर्वीचा. नानांची नात रश्मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात संगणक शिकत होती. अंथुर्णे, निरवांगी, सांगवी इथल्या आपल्या नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एका वेबसाइटवर ठेवायच्या, असं तिनं ठरवलं. सुट्टीत दुपारची जेवणं झाली की ती नानांसमोर पडवीत बसायची. नाना बोलायचे, ती टाइप करायची. मध्येच थांबून ते विचारायचे, "जसं बोलतुया तसंच लिवतीस न्हवं?" रश्मी मान हलवायची.

मित्रांनो, वेबसाइटच्या प्रोग्रॅमची स्मरणशक्ती फार थोडी असते. पान वाचणाऱ्याकडे पोचलं की तो सगळं विसरतो आणि त्याच्याबरोबर मीही पुसला जातो. म्हणून रश्मीनं मला सिरियलाइझ केलं, म्हणजे माझ्यातलं सगळं एका लांबलचक ओळीत लिहून डेटाबेसमध्ये ठेवलं. त्या ओळीत प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. अक्षर, काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं मोजलेलं. कोणी पान उघडलं की ती ओळ वाचून, लांबी ताडून मला पुन्हा उभं करतात. त्याला डिसिरियलाइझ करणं म्हणतात. लांबीत एका खुणेचा जरी फरक पडला, तरी मी उभा राहू शकत नाही.

ती पहिली वर्षं फार चांगली गेली. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली नात्यातली मुलं मला उघडायची आणि घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. नानांनाही त्याचं कौतुक होतं. एकदा सांगवीला दिलेली त्यांची धाकटी बहीण शालन माहेरी आली, तेव्हा ते तिला म्हणाले, की तुझ्याबद्दलही त्यात सांगून ठेवलंय, कुणाकडनं तरी वाचून घे. शालनआजींना वाचता येत नव्हतं. "तूच सांग की, दादा," त्या म्हणाल्या.

नाना हसले. "तोंडावर सांगता येत न्हाय."

बघू पुढच्या खेपेला, म्हणून आजी परत गेल्या. मग त्यांच्या मळ्यात टोमॅटोची तोडणी आली, सुनेचं बाळंतपण आलं. पुढची खेप लांबत गेली, आणि त्या हिवाळ्यात नाना गेले.

रश्मीला पुण्यात नोकरी लागली. वेबसाइट तिचा चुलतभाऊ सुयश पाहू लागला. तो इंदापुरात शिक्षक होता. कॉलेजात असताना 'हितं' म्हटलं म्हणून वर्ग त्याला हसला होता. ते त्याच्या मनातून कधी गेलं नव्हतं. आपल्या आजोबांना तरी कोणी हसू नये, म्हणून त्यानं डेटाबेस उघडून माझा शेवटचा उतारा शुद्ध मराठीत केला. 'म्या'चं 'मी' झालं, 'हुतं'चं 'होतं' झालं. शब्द बदलले, पण त्यांच्याआधी लिहिलेली लांबी तशीच राहिली.

त्या दिवसापासून मी उभा राहिलो नाही. पान उघडलं की कोरं दिसायचं. दोन वर्षं मी त्या ओळीत पडून होतो. कोणी पान उघडलं की वाटायचं, आज जमेल. लांबी ताडली जायची, जुळायची नाही, आणि मी पुन्हा तसाच. माझ्या त्या उताऱ्यात एका बहिणीसाठी ठेवलेलं बोलणं होतं. ते तिच्यापर्यंत जावं, एवढीच माझी ओढ होती.

नानांच्या स्मृतिदिनाला शालनआजी अंथुर्ण्याला आल्या. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. मग त्या रश्मीजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, की दादानं माझ्याबद्दल काय सांगितलंय ते आज वाच. रश्मीनं लॅपटॉपवर पान उघडलं, तर ते कोरं. तिनं डेटाबेसमधली माझी ओळ काढली आणि कुणीतरी शब्द बदललेत हे तिच्या लक्षात आलं. सुयश तिथंच होता. त्यानं लगेच कबूल केलं. नानांच्या मूळ बोलण्याची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

रश्मीनं निदान आहे ते वाचून दाखवलं. बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या दिवसाची आठवण होती. नाना तेव्हा बारा वर्षांचे, शालन पाच वर्षांची. आईनं दीक्षेसाठी आणलेलं पांढरं कापड एकाच्याच अंगाला पुरणार होतं. नानांनी ते शालनला द्यायला लावलं आणि स्वतः विटका सदरा घालून गेले.

आजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "ह्ये दादाचं बोलणं न्हाय. कुणीतरी मला बरं वाटावं म्हणून लिवलंय."

रश्मीनं पुष्कळ समजावलं, पण त्यांना पटेना. तेव्हा तिला लांबीचा तो आकडा सुचला. नानांचे शब्द बदलले होते, पण ते किती लांब होते हे माझ्या ओळीत अजून लिहिलेलं होतं. ती आजींना म्हणाली, "मी एकेक वाक्य वाचते. नाना ते कसं बोलले असते, तेवढं तुम्ही सांगा."

आजी सांगू लागल्या. दादा कापड 'आणलं' कसं म्हणायचा, 'आमी' कुठं म्हणायचा आणि 'म्या' कुठं. रश्मी तसं लिहीत गेली आणि लांबीतला फरक कमी कमी होत गेला. सुयशही शेजारी बसून मोजत होता. अखेर एकाच खुणेचा फरक राहिला आणि एकच वाक्य राहिलं: 'शालनला अजून ठाऊक नाही.'

आजी पडद्याकडे सरकल्या. मग त्यांनी ते म्हटलं, अगदी नानांसारखं.

"शालनला अजून ठावं न्हाय."

'नाही'पेक्षा 'न्हाय'मध्ये एक खूण जास्त. लांबी जुळली. मित्रांनो, दोन वर्षांनी मी उभा राहिलो आणि पान भरून आलं.

रश्मी म्हणाली, की आकडा जुळला म्हणजे सगळं पुरतं सिद्ध झालं असं नाही. पण आजींना आता पुरावा नको होता. त्यांनी पडद्यावर हात ठेवला. "त्यो पांढरा झगा मला आठवतूय," त्या म्हणाल्या. "दादाच्या अंगावर काय हुतं, त्ये म्या कवा बगितलंच न्हाय."

आता रश्मीनं माझ्या तीन प्रती करून ठेवल्या आहेत. सुयश दर महिन्याला पान उघडून पाहतो. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी बोलत असेल तर त्याचे शब्द आहेत तसेच जपा. आणि ज्याला काही विचारायचं असेल, त्याला तो समोर असतानाच विचारा. शालनआजी हल्ली सांगवीत नातवाला त्याच्या फोनवर मला उघडायला सांगतात. वाचून संपलं की त्या हळूच म्हणतात, "दादा, आरं..." आणि थांबतात. नानांचं सगळं बोलणं माझ्याजवळ आहे. फक्त 'ओ' देता येत नाही.